विश्लेषण : मुंबई इंडियन्स जवळ, तरी जीव गावच्या संघात! खारबाव-भिवंडीच्या टेनिस क्रिकेटचे पुढे काय?

भिवंडी तालुक्यातील खारबावच्या आसपास मोबाइल धरून बसलेल्या तरुणाला विचारले, ‘मॅच कुणाची?’ तर उत्तर दोन प्रकारचे असू शकते. आयपीएल सुरू असेल तर मुंबई इंडियन्सची. पण त्याच वेळी शेजारच्या गावातल्या मैदानावरून यूट्यूबवर थेट प्रक्षेपण सुरू असेल आणि त्यात आपल्या गावचा संघ असेल, तर आयपीएल आपोआप दुसऱ्या खिडकीत जाते. मुंबई महानगराकडे आज क्रिकेट, कबड्डी आणि फुटबॉलचे व्यावसायिक संघ आहेत. तरीही या पट्ट्यात गावच्या टेनिस क्रिकेट संघाचा चाहता कमी झालेला नाही. असे का? आणि ही निष्ठा पुढेही टिकेल का?

गावच्या संघाचा चाहता म्हणजे नेमके काय?

ठाणे, पालघर आणि रायगड जिल्ह्यांतील आगरी-कोळी पट्ट्यात भाताचे एकच मोठे पीक. कापणी-झोडणी झाली, की खाचरे रिकामी होतात. बांध सपाट करून, रोलर फिरवून तिथे खेळपट्टी तयार होते. दिवाळीनंतर सुरू झालेला हा हंगाम पावसाच्या तोंडापर्यंत चालतो. सामने मोजक्या षटकांचे, चेंडू जड टेनिसचा. पॅड-हेल्मेट लागत नाही. त्यामुळे खेळणारा मुलगा श्रीमंत असावा लागत नाही आणि पाहणाऱ्याला तिकीट काढावे लागत नाही.

या स्पर्धांचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिला ‘गाववाइज’. यात संघात त्याच गावचे खेळाडू असावे लागतात. काही ठिकाणी एखाद-दुसरा बाहेरचा खेळाडू चालतो. दुसरा ‘ओपन’. यात ज्याच्याकडे पैसा आहे तो कुठूनही खेळाडू आणू शकतो. पहिल्या प्रकारात संघाचे नाव आणि गावाचे नाव एकच. सलामीला येणारा कुणाचा तरी भाचा असतो, गोलंदाज सकाळी गोदामात पाळी करून आलेला असतो, यष्टिरक्षकाची हळद पुढच्या आठवड्यात असते. प्रेक्षक त्याला खेळाडू म्हणून ओळखण्याआधी ‘अमक्याचा पोरगा’ म्हणून ओळखतात.

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलला जे स्थान आहे, ते आपल्याकडे कॉलेजच्या संघाला मिळाले नाही. मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्याला बहुधा खेळाडूंचे मित्रच प्रेक्षक असतात. ती जागा इथे गावाने घेतली. म्हणून तिकडच्या कॉलेज चाहत्याची तुलना करायची, तर ती खारबाव-कामण-अंजूर पट्ट्यातील गाववाल्याशीच करावी लागते.

मुंबईत हे नवे आहे का?

अजिबात नाही. मुंबईचे क्रिकेट व्यावसायिक होण्याआधी ते पूर्णपणे ‘आपल्या’ संघांचे होते. शाळांची हॅरिस आणि गाइल्स ढाल, कार्यालयांची टाइम्स शिल्ड, १९४८ पासून भर पावसात खेळली जाणारी कांगा लीग, विद्यापीठांची रोहिंटन बारिया स्पर्धा यांतून शहराचे क्रिकेट घडले. फेब्रुवारी १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी हॅरिस ढाल स्पर्धेत शारदाश्रमकडून ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. ती एका शाळेच्या सामन्यातली होती. तरी ती आजही सांगितली जाते.

२००८ मध्ये आयपीएल आली. रिलायन्सने मुंबईचा संघ ११ कोटी १९ लाख डॉलरला घेतला. तो त्या वर्षीचा सर्वांत महाग संघ होता. २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच विजेतेपदे मुंबई इंडियन्सने मिळवली. २०१४ मध्ये प्रो कबड्डीतून यू मुम्बा आणि इंडियन सुपर लीगमधून मुंबई सिटी एफसी आले. शाळा-कॉलेज-कार्यालयाच्या क्रिकेटकडे बघणारा शहरी प्रेक्षक हळूहळू टीव्हीकडे वळला. वेशीबाहेर मात्र तसे झाले नाही.

मग गावात व्यावसायिक संघ का पुरला नाही?

पहिले कारण साधे आहे, अंतर. खारबाव हे वसई रोड-दिवा मार्गावरील स्थानक. या मार्गावर मेमूच्या फेऱ्या मोजक्या. वानखेडेवर जायचे तर वसई रोडला गाडी बदलून चर्चगेट गाठावे लागते. साधारण दोन तास धरावेच लागतात. आयपीएलचा सायंकाळचा सामना साडेसातला सुरू होतो आणि संपायला साडेअकरा होतात. वसईपर्यंत लोकल मिळेल; पुढे काय? त्यात वानखेडेची आसनक्षमता सुमारे ३३ हजार आणि त्यातली सगळी तिकिटे सामान्य प्रेक्षकाच्या वाट्याला येत नाहीत. म्हणजे ‘घरचा’ संघ असूनही बहुतेकांसाठी तो टीव्हीवरचाच संघ.

कबड्डीत तर घरचा संघ घरीच खेळेनासा झाला. प्रो कबड्डीचा अकरावा हंगाम (२०२४) हैदराबाद, नोएडा आणि पुण्यात झाला. बारावा (२०२५) विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत. सलग दोन हंगाम यू मुम्बाचा एकही सामना मुंबईत झाला नाही. ज्या पट्ट्यात मातीतली कबड्डी गावागावात खेळली जाते, तिथल्या चाहत्याला आपल्या नावाचा संघ पाहण्यासाठी पुण्याला जावे लागले.

दुसरे कारण, संघ कुणाचा हा प्रश्न. व्यावसायिक संघ मालकाचा असतो, शहराचा नसतो. पुण्याने हे चांगलेच अनुभवले आहे. पुणे वॉरियर्स २०११ ते २०१३ खेळून गेला. रायझिंग पुणे २०१६ आणि २०१७ असे दोनच हंगाम होता. फुटबॉलमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला. त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली आणि तो संघही २०२५ मध्ये दिल्लीला हलला. चाहत्याने जर्सी घ्यायची, घोषणा पाठ करायच्या आणि एके दिवशी बातमी वाचायची की संघ गेला. गावचा संघ हरेल, मोडेल, दोन गटांत फुटेल. पण दुसऱ्या शहरात जाणार नाही.

तिसरे कारण ओळखीचे. आयपीएलमध्ये दर तीन वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि निम्म्याहून अधिक संघ बदलतो. कालचा ‘आपला’ खेळाडू आज समोर उभा असतो. गाववाइज संघात ही अदलाबदल नसते. बाद झालेला फलंदाज सायंकाळी नाक्यावर भेटणारच असतो. त्याला बोल लावण्याचा आणि पाठीवर थाप मारण्याचा हक्क प्रेक्षकाला खरोखर असतो.

अमेरिकेतले उदाहरण काय सांगते?

अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉलची नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) जगातील सर्वांत श्रीमंत लीग मानली जाते. तरीही मिशिगन विद्यापीठाच्या मैदानाची क्षमता १ लाख ७ हजारांहून अधिक आहे आणि ते डेट्रॉइटपासून फार लांब नाही. डेट्रॉइटचा स्वतःचा व्यावसायिक संघ आहे. पिट्सबर्गमध्ये तर विद्यापीठाचा संघ आणि व्यावसायिक स्टीलर्स एकाच मैदानावर खेळतात. लॉस एंजेलिसचे दोन्ही व्यावसायिक संघ १९९४ च्या हंगामानंतर शहर सोडून गेले आणि पहिला संघ परत यायला २०१६ उजाडले. मधली दोन दशके शहराचे फुटबॉल दोन विद्यापीठांच्या संघांनी जिवंत ठेवले.

हे फक्त भावनेवर झाले नाही. १९६१ च्या एका कायद्याने व्यावसायिक लीगला सामूहिक प्रक्षेपण करारांसाठी मक्तेदारीविरोधी कायद्यातून सवलत मिळाली. पण कॉलेज आणि शाळांच्या हंगामात शुक्रवारी रात्री आणि शनिवारी त्यांच्या सामन्यांच्या परिसरात प्रक्षेपण केले, तर ती सवलत लागू होत नाही. त्यातून शुक्रवार शाळांचा, शनिवार कॉलेजांचा, रविवार व्यावसायिकांचा अशी वाटणी पक्की झाली. मोठ्याने लहानाचे अंगण खाऊ नये, ही तरतूद आधीच केली गेली.

मात्र तिथेही आता पैशाने चित्र बदलले आहे. १ जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर आणि प्रतिमेवर कमाई करण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाला त्याची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. संघ बदलणेही सोपे झाले. खेळाडूला घामाचे दाम मिळाले, हे न्याय्यच. पण चाहत्यापुढे नवा प्रश्न आला : दरवर्षी बदलणारा हा संघ माझ्या कॉलेजचा, की फक्त त्या रंगाची जर्सी घातलेला?

हाच प्रश्न भिवंडीत कसा आला?

‘ओपन’ स्पर्धांच्या रूपाने. बक्षिसाची रक्कम वाढली, मालिकावीराला दुचाकी, कुठे चारचाकी मिळू लागली आणि जिंकण्यासाठी नामांकित खेळाडू बोलावणे सुरू झाले. सोलापूर जिल्ह्यातील कृष्णा सातपुतेसारखे टेनिस क्रिकेटमधले नाव राज्यभर गर्दी खेचते, ते याच स्पर्धांमुळे. गावोगावच्या ‘प्रीमियर लीग’मध्ये आता संघमालक, आयकॉन खेळाडू, गुणांवर चालणारा लिलाव असा सगळा आयपीएलचा थाट असतो. केरळमधील मलप्पुरमच्या ‘सेव्हन्स’ फुटबॉलमध्येही हेच दिसते. तिथे गावच्या स्पर्धेत आफ्रिकेतून आलेले खेळाडू मानधनावर खेळतात आणि मैदाने भरतात.

यात फायदा आहे. चांगल्या खेळाडूला हंगामात चार पैसे मिळतात. पंच, समालोचक, गुणलेखक, कॅमेरेवाले, मंडपवाले यांना काम मिळते. खेळाचा दर्जा वाढतो. तोटा असा, की गावातला आठवा-नववा खेळाडू आता राखीव बाकावरही नसतो. तो प्रेक्षकांत बसतो. ज्याचा भाऊ खेळत नाही, तो मैदानावर यायचे कारण हळूहळू विसरतो. चाहता जिंकतो, पण गाव हरते, अशी ही अवस्था.

पैसा येतो कुठून, हाही मुद्दा आहे. प्रवेश फी आणि वर्गणीतून मोठ्या स्पर्धेचा खर्च निघत नाही. मग जमीनविकासक, ठेकेदार आणि निवडणुकीची तयारी करणारे इच्छुक पुढे येतात. चषकावर त्यांचे नाव, प्रवेशद्वारावर त्यांचा फलक. निवडणुका जवळ आल्या, की स्पर्धा वाढतात आणि उरकल्या की आटतात. गावच्या संघाला मालक नाही, हे खरे. पण आश्रयदाता आहे आणि तोही बदलत असतो.

आयएसपीएलने काय बदलले?

मार्च २०२४ मध्ये इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग (आयएसपीएल) ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर सुरू झाली. दहा षटकांचे, टेनिस चेंडूवरचे सामने, सहा संघ, मालकांत अमिताभ बच्चन (माझी मुंबई), अक्षय कुमार, हृतिक रोशन, सूर्या, राम चरण अशी नावे, मुख्य समितीत सचिन तेंडुलकर. पहिल्या हंगामात कोलकात्याच्या संघाने माझी मुंबईला हरवले, २०२५ च्या दुसऱ्या हंगामात माझी मुंबई विजेता ठरला.

शेतात खेळला जाणारा खेळ स्टेडियममध्ये, टीव्हीवर आणि मानधनासह पोहोचला, ही या लीगची जमेची बाजू. भिवंडी-कल्याण-पनवेल पट्ट्यातील खेळाडूसाठी गावच्या खळ्यावरून थेट लिलावापर्यंत जाणारी ही पहिली पायरी आहे. पण इथेही संघ शहरांच्या नावाचे आहेत, गावांच्या नव्हे. खेळाडू वर गेला, त्याच्यामागचे गाव मात्र पुन्हा पडद्यासमोरच बसले.

टेनिस क्रिकेटमधून मुख्य प्रवाहात जाता येते का?

येते, पण वाट अरुंद आहे. तमिळनाडूतील सेलम जिल्ह्यातला टी. नटराजन टेनिस चेंडूवर यॉर्कर शिकला. २०१७ मध्ये पंजाबने त्याला तीन कोटी रुपयांना घेतले आणि २०२०-२१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तो भारताकडून तिन्ही प्रकारांत खेळला. मात्र मधली पायरी महत्त्वाची : त्याने चेन्नईत जाऊन लेदर चेंडूचे लीग क्रिकेट खेळले आणि राज्याच्या प्रीमियर लीगमधून तो पुढे आला.

मुंबईच्या वेशीवरची उदाहरणे हेच सांगतात. पालघरचा शार्दुल ठाकूर आणि कल्याणचा तुषार देशपांडे भारताकडून खेळले. दोघेही शालेय-किशोर वयातच मुंबईच्या लेदर क्रिकेटच्या व्यवस्थेत शिरले. शार्दुल तर बोरिवलीच्या शाळेत आला आणि प्रशिक्षकांच्या घरी राहिला. खारबावच्या तेरा वर्षांच्या मुलासाठी अडचण गुणवत्तेची नसते. टर्फची खेळपट्टी, किट, रोजचा प्रवास आणि अभ्यास सांभाळून तो झेपवणारे घर, या चार गोष्टी जमाव्या लागतात. त्या जमल्या नाहीत, की तो विशीत टेनिस क्रिकेटचा तारा होतो आणि पस्तिशीत खांदा निखळल्यावर उपचाराचा खर्च स्वतःच करतो. बहुतेक स्थानिक स्पर्धांत खेळाडूचा विमा हा विषयच नसतो.

मुली या चित्रात कुठे आहेत?

इथे व्यावसायिक क्रिकेटला श्रेय द्यावे लागेल. मुंबई इंडियन्सच्या महिला संघाने २०२३ आणि २०२५ मध्ये महिला प्रीमियर लीग जिंकली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिला संघाने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर एकदिवसीय विश्वचषक उंचावला. ते मैदान या पट्ट्याच्या हाकेच्या अंतरावरचे. गावच्या क्रिकेटने मात्र मुलींना फारशी जागा दिलेली नाही. महिलांचे सामने झालेच तर महिला दिनाच्या किंवा हळदी-कुंकवाच्या निमित्ताने. ‘गावचा संघ’ म्हणताना निम्मे गाव बाहेर राहते, ही या निष्ठेची उणी बाजू आहे.

खरा धोका आयपीएलचा की आणखी कशाचा?

जमिनीचा. जीएसटी लागू झाल्यावर, २०१७ नंतर, भिवंडीतील गोदामांची वाढ वेगाने झाली. मानकोली, पूर्णा, काल्हेर, राहनाळ, दापोडे, वळ या पट्ट्यात शेतांच्या जागी पत्र्याच्या रांगा उभ्या आहेत. तालुक्यातून समर्पित मालवाहू रेल्वेमार्ग, विरार-अलिबाग मार्गिका आणि बुलेट ट्रेनचे प्रकल्प जातात. खारबाव परिसराचाही एमएमआरडीएच्या विकासकेंद्रांच्या नियोजनात समावेश आहे. रोजगार आणि जमिनीचा भाव यामुळे वाढेल, हे नाकारता येत नाही. गोदामातल्या पगारावरच आज अनेक खेळाडूंचे घर चालते.

पण या क्रिकेटचे मैदान म्हणजे कुणाचे तरी खाजगी खाचर. मालकाने यंदा दिले, पुढच्या वर्षी विकले, की स्पर्धा संपली. गुरचरण आणि गावठाणाच्या मोकळ्या जागाही आक्रसत आहेत. मुंबई शहरात अंडरआर्म आणि बॉक्स क्रिकेट वाढले, ते आवड बदलली म्हणून नव्हे, तर जागा उरली नाही म्हणून. जाळीतल्या टर्फवर तासाला पैसे मोजून खेळता येते. तिथे गाव बसू शकत नाही.

काय करता येईल?

तीन गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. एक, नियोजन प्राधिकरणाने विकास आराखड्यात प्रत्येक मोठ्या गावासाठी मैदानाचे आरक्षण ठेवून ते प्रत्यक्षात ताब्यात घ्यावे. नुसता हिरवा ठिपका पुरत नाही. दोन, आयोजकांनी ओपन स्पर्धेसोबत गाववाइज गट सक्तीचा करावा, किंवा संघात किमान काही खेळाडू गावचेच असावेत ही अट घालावी. अनेक मंडळे ती आजही पाळतात. त्याच प्रवेश फीतून खेळाडूंचा अपघात विमा काढणे अवघड नाही. तीन, वेळापत्रक. अमेरिकेने जे कायद्याने केले, ते इथे मंडळांच्या आपसांतल्या समजुतीने होऊ शकते : सामने दिवसा, आयपीएल रात्री, आणि शेजारच्या दोन गावांच्या स्पर्धा एकाच आठवड्यात नकोत.

खारबावचा चाहता मुंबई इंडियन्सवर नाराज नाही. तो रोहित शर्माच्या षटकारावर उड्या मारतो आणि दुसऱ्या दिवशी गावच्या संघाला शिव्या घालत टेम्पोत बसून शेजारच्या गावी जातो. दोन निष्ठा एकाच वेळी सांभाळणे त्याला जमले आहे. एक संघ चालवायला मालक, प्रायोजक आणि वाहिनी आहेत. दुसऱ्यासाठी अकरा पोरे लागतात आणि एक मोकळे शेत. पोरांची कमतरता नाही. शेत किती वर्षे मोकळे राहते, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.